सात लाख एकोणीस हजार नऊशे सतरा

ओव्हिदिओ एचेपारे हा अगदी लग्नाचा माणूस होता, फक्त त्याचं लग्न झालेलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा. शर्ट कडक इस्त्रीचे, बूट चकचकीत, दारू बेताची, शिट्टी सुरात, आणि मोंतेव्हिदेओतल्या मुलींच्या शाळेत गणिताच्या मास्तराची कायम नोकरी. वय बावन्न. "माझ्यात नावं ठेवायला काही नाही," तो म्हणायचा, "त्यामुळे माझ्याबद्दल कुणी बोलतच नाही." शाळेतल्या मुलींनी त्याचं नाव 'बाकी' पाडलं होतं. भागाकार उरकल्यावर खाली उरते ती बाकी. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्याला रागच यायला हवा होता. पण नाव इतकं चपखल होतं, की ते आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचीच त्याला चुटपुट लागली.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण एतेल्व्हिना, दोघंच. एतेल्व्हिना विधवा, तोंडाने फटकळ आणि हाताने सुगरण. महिन्याच्या एकोणतीस तारखेला अख्ख्या गावासारखी तीही न्योकी म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे करायची, पैसा टिकावा म्हणून ताटाखाली एक नोट सरकवायची आणि वाढता वाढता भावाला सुनवायची, "लोकांच्या घरी ताटाखाली ठेवलेलं वाढतं. आमच्या घरी ताटावर बसलेलं वाढतंय."

"ताई, वजन तेवढंच आहे माझं."

"वजनाचं कोण बोलतंय? वयाचं बोलतेय मी."

एतेल्व्हिनाला दुखणं काय आहे ते ठाऊक होतं. दुखण्याचं नाव सुल्मा बियांकेस्सी. आमच्या पासो मोलिनो भागात, मोठ्या रस्त्यावर, सुल्माचं बटणं, दोरे, लेस आणि रिबिनींचं दुकान होतं. सुल्मा चाळिशी ओलांडलेली, उंच, गळ्यात कायम मापाची फीत लोंबती ठेवणारी, हसली की आधी तोंडावर हात नेणारी बाई. म्हाताऱ्या आईची सेवा करण्यात तिचं लग्न राहून गेलं होतं. आई गेल्यावर ती मोकळी झाली आणि त्याच सुमाराला ओव्हिदिओचं एक बटण तुटलं. तो दुकानात गेला, बटण घेतलं, आणि घरी येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपण बटणापेक्षा बरंच काही घेऊन आलोय.

तेव्हापासून दर शुक्रवारी त्याला बटण लागायचं. शिंपल्याची, लाकडाची, दोन भोकांची, चार भोकांची. मुंजीतल्या पोराच्या कोटाला शोभतील असली जहाजाचा सोनेरी नांगर कोरलेली बटणंसुद्धा त्याने घेतली. कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचे डबेच्या डबे बटणांनी भरले. एतेल्व्हिना एकदा म्हणाली, "ओव्हि, एवढ्या बटणांना आता एक शर्ट घे."

छे, छे, मुंज हा शब्द आमच्यातला नाही. पण चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीला नटवून नेलेल्या पोराच्या कोटाला दुसरं काय म्हणावं? असो. सांगायचं ते हे, की हा माणूस वर्षानुवर्षं बटणं घेत राहिला आणि विचारायचं ते त्याने विचारलं नाही. आणि न विचारण्याला त्याच्याकडे कारण होतं. कारण नसतं तर तो साधा भित्रा ठरला असता. पण तो गणिताचा मास्तर होता, म्हणून त्याची भीती नियमबद्ध होती.

नियम असा. त्या काळी आमच्या बसमध्ये कंडक्टर गठ्ठ्यातून तिकीट फाडून द्यायचा आणि प्रत्येक तिकिटावर क्रमांक असायचा. तिकीट हातात आलं की आधी क्रमांक बघायचा, मग बसायला जागा. क्रमांक डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखाच निघाला तर तो कापिकुआ. कापिकुआ मिळणं म्हणजे दिवस सोन्याचा. ते तिकीट कुणी पाकिटात जपायचं, कुणी परीक्षेला जाताना बुटात घालायचं, कुणी प्रेमाच्या माणसाला द्यायचं. या बाबतीत मंत्री आणि मोलकरीण यांच्यात आमच्याकडे काडीचा फरक नाही.

ओव्हिदिओला मात्र नुसतं कापिकुआ पुरेना. नुसत्या कापिकुआवर लोक फुटबॉलचे सामने जिंकतात, म्हणे, पण हा जन्माचा प्रश्न. त्याने मनाशी ठरवलं, की आपल्याला कापिकुआ तिकीट मिळायला हवं आणि शिवाय तो आकडा मूळ संख्या असायला हवा. म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून जगातल्या कुठल्याही आकड्याने त्याला भाग जाता कामा नये. लग्न कसं, अभंग हवं. आणि तिकीट आपल्या पैशाचं, आपल्याच हातात, आपोआप पडलेलं हवं; कुणाकडून मागून घेतलेलं नको, खाली पडलेलं उचललेलं नको. असा आकडा आला की त्याच दिवशी सुल्माबाईंना विचारायचं.

आता गंमत ऐका. तिकिटं पाच आकडी होती तेव्हा असा आकडा आला होता.

तेरा हजार नऊशे एकतीस. एक, तीन, नऊ, तीन, एक. रविवारी सामना बघायला जाताना ते तिकीट मिळालं आणि त्याने सामना सोडून दिला. घरी येऊन दोनपासून एकशे तेरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. प्रत्येक वेळी बाकी उरली. एतेल्व्हिनाची कापेलेती, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या घड्या, रश्श्यात फुगून गोळा झाली, तरी हा भागतोच आहे. शेवटचा भागाकार झाला आणि त्याचं धाबं दणाणलं. कुणी नापास झाल्यावर घाबरतो. हा पास झाल्यावर घाबरला.

सोमवारी तो नवा टाय लावून दुकानात गेला. सुल्मा काउंटरवर लेस मोजत होती.

"या एचेपारे! आज सोमवार? बटण अचानक तुटलं वाटतं."

"चार द्या," तो म्हणाला.

"कसली?"

"गोल."

गोल बटणं घेऊन तो बाहेर पडला आणि बसच्या थांब्यावर उभ्या उभ्या त्याने स्वतःची समजूत घातली. पाच आकडी संख्या म्हणजे काही फार मोठी नव्हे. घरांचे, सायकलींचे, कैद्यांचे क्रमांक असतात तेवढे. एवढ्याशा आकड्यावर बाईमाणसाचं आयुष्य मागणं बरं दिसत नाही. बस कंपनी आता सहा आकडी तिकिटं काढणार असं ऐकलं होतं. मग जरा थांबावं, सहा आकडी मूळ कापिकुआ येऊ द्यावा. पुढे कितीदा तरी आरशासमोर दाढी करताना त्याला हा सोमवार आठवायचा आणि तो आरशातल्या माणसाला म्हणायचा, "गोल! बटणं गोलच असतात, गाढवा."

सहा आकडी तिकिटं आली. हजारात एक कापिकुआ असतो आणि ओव्हिदिओ दिवसातून दोनदा बसने जायचा. म्हणजे दीड-दोन वर्षांतून एखादा आला तर आला. पहिला आला चार लाख सत्याऐंशी हजार सातशे चौऱ्याऐंशी. समसंख्या. दोनाने भाग गेला, विषय मिटला. त्याच्या मागून आला पाच लाख एकतीस हजार एकशे पस्तीस. शेवटी पाच, बादच. एक लाख चौऱ्याहत्तर हजार चारशे एकाहत्तर आला तेव्हा तो जरा सावरून बसला, पण आकड्यांची बेरीज केली तर चोवीस, म्हणजे तिनाने भाग जातो. दरवेळी त्याला वाईट वाटायचं आणि दरवेळी संध्याकाळी त्याला सणकून भूक लागायची. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे एतेल्व्हिनाला केव्हाच कळलं होतं. ती त्याच्या ताटाकडे बघून म्हणायची, "आज पण जमलं नाही वाटतं. वाढू अजून?"

असं बरीच वर्षं चाललं. सुल्माच्या केसांत पांढरी बट आली, ओव्हिदिओच्या डोक्यावर बट येण्याजोगं काही राहिलं नाही.

मग मे महिन्यात, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, एका पावसाळी संध्याकाळी, एतेल्व्हिना पीठ मळून पुऱ्यांसारख्या जाड तोर्ता तळत होती. पाठ न वळवता ती म्हणाली, "सुल्माने दुकान विकलं."

ओव्हिदिओ 'माते' नावाच्या कडू चहाचा तुंबा हातात धरून बसला होता. त्याने नळीतून जोरात ओढलं आणि जीभ भाजून घेतली.

"साल्तोला चाललीये. भावाच्या संत्र्यांच्या बागेवर. शनिवारची बस आहे."

"साल्तो फार लांब आहे," तो म्हणाला.

"रात्रभराचा रस्ता. तुझ्यासाठी मात्र समोरचा फुटपाथसुद्धा लांबच होता म्हणा." तिने कढईतली तोर्ता उलटली, आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "ओव्हि, मी तुला कायमची पुरणार नाही रे."

हे ती पहिल्यांदाच म्हणाली. त्या रात्री तोर्ता त्याने एकच खाल्ली, आणि एतेल्व्हिनाने अजून वाढू का असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो शाळा सुटल्यावर बसमध्ये चढला. कंडक्टर होता पिंतोस. पिंतोस म्हणजे ढेरपोट्या, मिशाळ, काखेत थर्मास धरून एका हाताने तिकिटं फाडणारा, आणि त्या मार्गावरच्या प्रत्येक उतारूचं दुखणंखुपणं माहीत असलेला माणूस. ओव्हिदिओला दरवाजात बघताच त्याने डोळा मारला आणि गठ्ठा वर धरला.

"प्रोफेसर, चार नंबर राहिलेत. सात, एक, नऊ... नऊ, एक, सात! तीन तिकिटं गेली की चौथं कापिकुआ. बाजूला काढून ठेवू?"

"नाही, नाही," ओव्हिदिओ घाईने म्हणाला. "तसं चालत नाही. आपोआप आलं पाहिजे."

"मग आपोआप जरा दम धरा की. मागे माणसं आहेत."

मागे खरंच माणसं होती. ओव्हिदिओच्या अंगात एकाएकी सभ्यपणा संचारला. भाजीची पिशवी घेतलेल्या बाईला तो म्हणाला, "आधी तुम्ही." एका पाद्रीबाबांना त्याने कोपराला धरून पुढे घातलं. मागून एक दांडगा कसाई आला, त्याला स्वतःला पुढे जायची मुळीच घाई नव्हती, पण ओव्हिदिओने टोपी काढून त्याला इतकं लवून वाट दिली की कसायाने आपल्या पाठीमागे कुणी बडा माणूस उभा आहे का ते वळून पाहिलं. तिघं गेले. मग ओव्हिदिओ पुढे झाला आणि पिंतोसने फर्रकन तिकीट फाडलं.

सात लाख एकोणीस हजार नऊशे सतरा.

"आपोआप आलं," पिंतोस गंभीरपणे म्हणाला.

ओव्हिदिओ खिडकीशी बसला. त्याने तिकीट गुडघ्यावर ठेवलं. शेवटी सात, म्हणजे दोन नाही, पाच नाही. बेरीज चौतीस, म्हणजे तीन नाही. साताने भागलं: सात दाहे सत्तर, उरले एकोणीस, सात दुणे चौदा, उरले पाच... शेवटी बाकी दोन. सातही नाही! सहा आकडी कापिकुआने आजवर सातापर्यंत त्याला कधी येऊच दिलं नव्हतं. बाहेर सुल्माच्या दुकानाचा थांबा आला. काचेवर 'दुकान बंद होत आहे' असा कागद चिकटवलेला त्याला दिसला आणि थांबा मागे गेला. त्याला उतरायचं भान नव्हतं, किंवा होतं आणि उतरायचं नव्हतं. पुढची मूळ संख्या होती अकरा.

अकराची कसोटी सोपी. एकाआड एक आकडे घ्या आणि बेरजा करा. सात, नऊ, एक: सतरा. मधले राहिलेले एक, नऊ, सात: सतरा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या की अकराने भाग जातो.

गेला.

ओव्हिदिओने सुस्कारा टाकला. आणि तो सुस्कारा इतका सुखाचा होता, की त्याचा त्यालाच संशय आला. त्याने पुन्हा तिकिटाकडे पाहिलं. सात, नऊ, एक. एक, नऊ, सात. तेच तीन आकडे इकडे, तेच तीन आकडे तिकडे. सारखे येणारच की! कापिकुआ आहे तो. सहा आकड्यांतला पहिला आणि शेवटचा एकच, पण एक या बेरजेत जातो आणि दुसरा त्या बेरजेत. दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा, त्यांचंही तेच. कुठलाही सहा आकडी कापिकुआ घ्या. बेरजा सारख्याच. अकरा त्याला खाणारच.

सहा आकडी मूळ कापिकुआ नव्हताच. कधी छापला गेला नव्हता आणि कधी छापला जाणार नव्हता.

आधी त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग तो मोठ्याने हसायला लागला. भाजीच्या पिशवीवाली बाई दचकून सरकून बसली. पिंतोस रांगेतून वाट काढत आला.

"काय झालं प्रोफेसर? बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"पिंतोस, एक आकडा सांगा. तीन आकडी. कुठलाही."

"तीनशे ब्याऐंशी."

"तो उलटा करून त्याच्यापुढे जोडा. तीन, आठ, दोन, दोन, आठ, तीन. आता एकाआड एक: तीन, दोन, आठ, तेरा. राहिलेले: आठ, दोन, तीन, तेरा. अकराने भाग जातो."

"बरं मग?"

"दुसरा सांगा."

पिंतोसने दुसरा सांगितला, तिसरा सांगितला. कसायानेही एक सांगितला. सगळे अकराच्या घशात गेले. पाद्रीबाबांनी मान पुढे काढून विचारलं, हे देवाचं करणं समजायचं का, तेव्हा ओव्हिदिओ म्हणाला की देवाचा यात काही दोष नाही.

"म्हणजे तुम्ही ज्याची वाट बघत होता ते तिकीट नाहीच?" पिंतोसच्या डोक्यात आता उजेड पडला. सगळ्या मार्गाला ओव्हिदिओचा नवस माहीत होता. फक्त ओव्हिदिओला वाटत होतं की कुणाला माहीत नाही. "आणि हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक? मी हे शिकवतो, पिंतोस. दर मार्च महिन्यात, शाळा उघडली की दुसऱ्या आठवड्यात, फळ्यावर लिहून. ज्या मुलीला येत नाही तिला उभं करतो."

पिंतोसने मिशीवरून हात फिरवला. त्याला हसायचं होतं आणि हसवत नव्हतं. "बाई उद्या चालल्यात," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या थांब्यावर उतरलात तर परत चालत दहा मिनिटं आहे."

ओव्हिदिओ उतरला आणि भुरभुर पावसात मागे दुकानाकडे चालायला लागला. चालताना त्याने स्वतःला धारेवर धरलं. आपल्याला माहीत नव्हतं हे खोटं. जो माणूस रविवारचं जेवण सोडून तीस भागाकार करतो, त्याला अकराची कसोटी इतकी वर्षं सुचत नाही? सुचू दिली नव्हती. पाच आकड्यांत धोका होता, तिथे मूळ संख्या सापडत होत्या, एक तर मिळालीही होती. सहा आकड्यांत कसलाच धोका नव्हता. जगातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधून तो तिथे उशी घेऊन पडला होता, आणि वर लोकांना दिसतील असे उसासे टाकत होता. त्याला स्वतःची इतकी लाज आजवर वाटली नव्हती. गंमतही इतकी वाटली नव्हती, पण लाज जास्त होती.

दुकानात सगळीकडे खोकी होती. सुल्मा स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरून लोकरीचे गुंडे काढत होती. तिने वळून पाहिलं, त्याच्या टोपीवरून पाणी गळत होतं.

"अगबाई, एचेपारे! बटणं सगळी बांधून झाली. आता शोधायची म्हणजे..."

"बटण नको," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे शब्द त्या दुकानात त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले, आणि सुल्मा स्टुलावरून खाली उतरली.

त्याने तिकीट काउंटरवर ठेवलं, बांधाबांधीचा तपकिरी कागद ओढला आणि पेन्सिलीने सगळं मांडलं. सात, नऊ, एक. एक, नऊ, सात. अकराची कसोटी. आपण मनाशी केलेला नियम. ती टक लावून बघत होती. तिला बेरजा येत होत्या, आयुष्यभर लेस आणि इंच मोजले होते तिने. कसोटी तिला लगेच कळली. नियम कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तिचा हात तोंडाकडे गेला आणि ती हसली. हसता हसता तिला काउंटर धरावा लागला.

"म्हणजे कधीच येणार नव्हता तो आकडा?"

"कधीच नाही."

"आणि आधीची तिकिटं? पाच आकड्यांची? त्यांतही नव्हता?"

खोटं बोलायला जागा होती. पेन्सिल अजून हातात होती, पाच आकड्यांचंही काहीतरी मांडता आलं असतं. तो म्हणाला, "होता. मिळाला होता. त्या सोमवारी मी आलो होतो. गोल बटणं मागितली."

सुल्माचं हसू थांबलं. तिने गळ्यातली फीत काढली आणि बोटांना गुंडाळायला लागली, घट्ट, पुन्हा सोडून पुन्हा घट्ट.

"त्या सोमवारी मी आतमध्ये जाऊन रडले होते," ती म्हणाली. "तुमचा टाय बघून मला वाटलं होतं." मग ती एकदम चिडली, आणि ती चिडलेली त्याने कधी पाहिली नव्हती. "अहो, इतकी वर्षं तुम्ही बसच्या तिकिटाला विचारत बसलात! मला काय वाटतं, ते तिकिटावर छापतात का? मी इथे होते. रोज दुकान उघडत होते. दार ढकललं की उघडत होतं. मला एकदा विचारलंत?"

"नाही."

"मग?"

त्याला कळलं की हे 'मग' म्हणजे आता. हातात काही नव्हतं. आकडा नाही, नियम नाही, टायसुद्धा शाळेतला खडू लागलेला. "सुल्माबाई," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल?"

बाहेर एक बस थांबली आणि गेली.

"तेव्हा विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं," सुल्मा म्हणाली. "त्यानंतर पाच वर्षांनी विचारलं असतंत तरी हो म्हटलं असतं. आज मला माहीत नाही, एचेपारे. खरंच माहीत नाही."

या उत्तराची ओव्हिदिओला सवय नव्हती. संख्या मूळ असते नाहीतर नसते. माहीत नाही असलेली संख्या त्याने कधी शिकवली नव्हती. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. जावं की थांबावं ते त्याला कळेना.

"उद्या मी जाणार, ते काही बदलत नाही," ती म्हणाली. आवाज आता जरा निवला होता. "जुलैत थंडीच्या सुट्टीला तुमची शाळा बंद असते ना? तेव्हा साल्तोला या. भावाकडे जेवायला बसा, बागेत हिंडा. आठवडाभर मी तुम्हाला बघेन, तुम्ही मला बघा. बटणांशिवाय."

"आणि मग तुम्ही हो म्हणाल?"

"तेच तर सांगतेय. माहीत नाही. नाहीसुद्धा म्हणेन. मग एवढ्या लांबून आलात तसे परत जाल, आणि तुमची ताई तुम्हाला बोल बोल बोलेल." तिने लोकरीचा एक गुंडा उगाचच उचलला आणि खोक्यात टाकला. "आजच सांगा असं नाही. घाई नाही. घरी जाऊन नीट विचार करून कळवा."

ओव्हिदिओ घाबरला होता. त्या रविवारी घाबरला होता तितकाच, किंबहुना जास्तच. पण त्याने टोपी काउंटरवर ठेवली.

"नको," तो म्हणाला. "विचार करायला बसलो की मी येत नाही. येतो. जुलैत येतो."

सुल्माने डोळ्यांच्या कडा मनगटाने पुसल्या. मग तिने त्याच्याकडे न बघता वरच्या फळीकडे बोट केलं आणि म्हणाली, "मग उभे काय राहिलात? तो वरचा खोका जड आहे, मला एकटीला निघत नाही."